जमिनीले कान लावणारे साहेब

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, मंग तुमाले मानलं! जमीन तपासणारे साहेब आमच्या गावात आले अना गेले, पण त्यायचे किस्से माह्या ओट्यावर धानाच्या पोत्यावानी थप्पीनं पडले हायेत.

गाव आमचं आंधळगावाच्या वरतं. पोटात जुनी खदान, आता बंद. माहा बुढा, म्हंजे घरधनी, त्याच खदानीत गेला, छत बसलं, अना वापस आलाच नाई. साहेबायले पाहाचं होतं, का खदानीची पोकळी कोणाकोणाच्या घराखाली आली. ज्याच्या खाली निघन, त्याचं घर खाली! म्हंजे मले पोराकडं नागपूरले जा लागन, तिसऱ्या माळ्यावर. माह्या पायाखाली दुसऱ्याचं सैपाकघर! हट्!

*

पयले फोटो आला. ड्रोनच्याबी वरून काढलेला, सॅटेलाइटचा. साहेब टॅबवर दाखवते, "आजी, हा लाल भाग खचतोय. तुमची गल्ली."

मी म्हणलं, "वरून पाहून पोटातलं समजते?"

"थोडं समजतं."

"मी बुढ्याले जनमभर समोरून पायलं, तरी पोटातलं नाई समजलं!"

साहेब हासला. मीबी हासली. घरी येऊन भिंतीची भेग पायली. बोट अंदर गेलं.

*

मंग आल्या डब्या. खाली खिळा, वर तार. गल्लीभर ओळीनं ठोकल्या, एक तं माह्या सैपाकघरातच! बाहेर एक जण लोखंडी पाटीवर घण मारे, धाड्! थो आवाज खाली जाऊन कुठं अडते, थे डब्या ऐकत. तवर कोणं हलाचं नाई.

शेजारची कौशी इतकी भ्याली, का कोंबडी बगलेत दाबून उभी. कोंबडीनं तिच्या हातातच अंडं देलं!

साहेब ओरडला, "कोण हललं?"

"मी नाई जी! हे मोकळी झाली!"

*

डब्यायचं ऐकलेलं साहेबाच्या कॉम्प्युटरवर रेघेनं उमटे; थो ग्राफ मले बिघडवाचा होता. घण पडला का मी अंदर मुसळ हाणे. बुढा खदानीत छत ठोकून पाये, पक्कं हाये का पोकळ. घरी आला का दारबी तसंच ठोके: ठक् ठक्... ठक्. मीबी तसंच हाणलं. ग्राफ वाकडा! पुन्हा घण, पुन्हा वाकडा! साहेब घामाघूम होऊन दारात.

"आजी, काय चाललंय?"

"पोहे कांडून रायली बापा, तुमालेच खिलवाले!"

उखळीत एक दाना नोता!

*

साहेबबी हुशार. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी गल्ली शाळेत नेऊन बसवली. गुरं सोडली, घण बंद. म्हणे, आज फक्त जमीन ऐकाची. माहं मुसळ जप्त करून आपल्या खुर्चीखाली ठेवलं अना कॉम्प्युटरमंदी डोकं घातलं.

थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणते, "आजी, पुरे आता. ठेवा ते मुसळ."

मंग त्यानं वर पायलं. मी त्याच्या समोर. मुसळ त्याच्या खुर्चीखाली.

स्क्रीनवर रेघ उडून रायली होती. दोन उड्या जवळजवळ. थांबली. मंग एक.

"कोणत्या डबीतून येते जी?" मी इचारलं.

"तुमच्या स्वयंपाकघरातल्या." साहेबाचे ओठ पांढरे. "पण... खालून."

कौशीनं माहा हात धरला. थंडगार हात. तिचा का माहा, कोण जाणे.

उजेड होता तवरच साहेबानं सामान बांधलं. घरं खाली करा, इतकंच सांगून गेला. कौशी कोंबड्या घेऊन सानगडीले बयनीकडं गेली. पोरगा गाडी घेऊन आला, रागावून वापस गेला. गल्लीत आता मीच.

हासता काहून? जा आता. हळू जा, पाय नका वाजवू. तुमच्या बोलण्यात मले खालचं ऐकू नाई येऊन रायलं.