चमकी काढून काढलेला फोटो

बेळगाव स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली, तेव्हा फलाटावरच्या बाकीच्या म्हाताऱ्या रडत होत्या आणि माझी सासू माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला शिव्या देत होती. "जा गं काळतोंडे! ब्याद गेली एकदाची!" माणसं वळून बघायला लागली. बाळाच्या अंगात परकर-पोलकं, नाकात चमकी. एवढ्याशा पोरीला आजी अशी हाकलते, म्हणून एका बाईनं कपाळावर हात मारला. मी खिडकीशी हसतही होते आणि डोळेही पुसत होते. कारण बाळ पोरगी नव्हतं आणि त्या शिव्या त्याच्यासाठी नव्हत्या.

बेळगावच्या वडगावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे आगबोटीत चढून इकडे आलेल्यांनो, आफ्रिकेत, मोंबासात मला अठरा वर्षं झाली. हल्ली इथल्या उकाड्यानं पाय सुजतात. भाजीवालीशी स्वाहिलीत घासाघीस करून घरी येते, तोवर मराठी बोलायचंही त्राण उरत नाही. परवा आमच्या दगडूनं स्वतःचा पासपोर्ट काढायचा म्हणून ट्रंकेतला माझा जुना पासपोर्ट उघडला आणि विचारलं, "आई, फोटोत माझ्या कमरेला ही बोटं कुणाची?" दमलेली असले तरी असा प्रश्न मी सोडते होय?

दगडूच्या आधी मला दोन मुलगे झाले. दोघेही वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला, तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, मग मूठभर कोंडा देऊन आम्ही तो परत घेतला. नाव दगडू, नाक टोचलेलं, अंगात घरच्या हातमागावर उरलेल्या तुकड्यांचा परकर. मुलगा शोधत मरण आलंच, तर त्याला पोरगी दिसावी, तीही नकोशी. वर्ष भरेपर्यंत चमकी काढायची नाही, असं आत्यांचं फर्मान होतं.

हे माझ्या आधीच मोंबासाला आले होते; तेवढ्यात इकडून त्यांचं पत्र गेलं. रेल्वेच्या कचेरीत नोकरी पक्की झाली, मुलाला घेऊन निघून ये, पासपोर्टासाठी दोघांचा फोटो काढ. मी शहापुरी लुगडं नेसून कॅम्पातल्या स्टुडिओत गेले आणि फोटो काढून आले. पोराच्या परकराची आम्हाला एवढी सवय झालेली, की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं ते पासपोर्टाच्या कचेरीतल्या कानडी कारकुनाच्या.

"अवं बाई, अर्जात हुडुगा, पोरगा लिहिलाय, फोटोत हुडुगी बसलीय. कुणाला न्यायचंय ते ठरवून या."

"साहेब, तीच तो आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे मी मुंबईला कसं लिहू?"

आगबोटीला तीन आठवडे होते. ती चुकली तर पुढची जागा कधी मिळेल, कुणीच सांगेना. घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या मागावर होत्या.

"चमकी न्हाय निघायची," त्या वर न बघता म्हणाल्या. "वरीस व्हायला चार म्हैनं हाईत. दोन नातू दिले मी. तिसरा देणार न्हाय."

"आत्या, दोन मीही दिलेत."

माग थांबला. त्या दिवशी तो परत चालला नाही.

सकाळी आत्या लुगडं बदलून दारात उभ्या. "चल. पर त्यो पोरीचा फोटो हितं ऱ्हाऊ दे, माझ्यापाशी. पोराचा तू ने. शोधत आलं तर ते वडगावातच येणार, त्येला काय मोंबासा ठावं हाय? आलं की दाखवीन, बघ बाबा, आमच्यात पोरगीच हाय."

परकराच्या जागी झबलं आलं, आणि चमकी निघताच दगडूनं स्टुडिओ डोक्यावर घेतला. फोटोवाल्यानं खुळखुळा वाजवला, कुत्र्यासारखा भुंकला, शेवटी घामाघूम झाला. बाळ गप्प होई ते फक्त आत्यांच्या हातात. मग त्यानं आत्यांना माझ्या खुर्चीमागे बसवलं, वरून काळं कापड टाकलं आणि हात तेवढे पुढे घ्यायला लावले.

"आजी, डोकं आत!"

"आतच हाय की रं! आनि किती आत जाऊ, पाताळात?" कापडातून आवाज आला, आणि लगेच, "गप बस गं सटवे!" दगडू चकित होऊन गप्प झाला. फोटो निघाला.

तोच हा फोटो. मी काठीसारखी ताठ, दगडूचं तोंड उघडं, आणि त्याच्या कमरेला सूत रंगवून काळी पडलेली दोन बोटं. कारकुनानं बोटांकडे बघितलं. "ह्या येणार हाईत काय बरोबर?" मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी काही न विचारता कागद पुढे सरकवला.

फोटो झाल्यावर चमकी परत नाकात गेली. ती मी काढली मुंबईच्या धक्क्यावर, वर्ष भरायच्या आधी, एकटीनं. पासपोर्टात मुलगा होता, बोटीवर मुलगाच चढायला हवा होता.

मध्ये लढाई आली, आगबोटी बंद झाल्या, जाणं होईना. चार वर्षांमागे आत्या गेल्या. धाकट्या दिरानं लिहिलं, की तो पोरीचा फोटो अजून देव्हाऱ्यात आहे, दर दसऱ्याला आत्या तिला कुंकू लावत. कुणी नातवाची चौकशी केली की सांगत, "नातू कुटला? ही पोरगी तेवढी हाय."

इथं लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मोंबासाचं भाडं आम्ही भरतो, चूल इथं पेटते, म्हणून मोंबासा म्हणते. पण माझ्या पोराच्या जागी एक खोटी पोरगी अठरा वर्षं वडगावात पहाऱ्याला बसली आहे. तिला बसवून मी निघून आले. ते घर सुटलं असं कुठल्या तोंडानं म्हणू?

दगडू पुढच्या महिन्यात तिकडे यायला निघतोय. आता त्याला मिशा आहेत, नाकावर भोकाची खूण आहे. मी त्याच्या हातात चमकी ठेवली आणि सांगितलं, देव्हाऱ्यापुढे ही ठेव, पोरीचा फोटो खाली उतरव आणि मोठ्यानं म्हण, "आजी, वर्ष भरलं."