कुसुमची तिकडची तुळस

कुसुम गेल्याचं मला जळगावहून कळलं. शिरगावातल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर, मध्ये चार पावलं... आणि सकाळी साडेसातला फोन कधी न भेटलेल्या एका मुलीचा. "काकू, मी रेवा, जळगावहून बोलतेय. कुसुमताईंनी आज तुळशीला पाणी घातलं नाही. फोनही उचलत नाहीत. जरा बघता का, प्लीज?" किल्ली माझ्याकडेच असायची. दार उघडलं तर कुसुम झोपेतच गेली होती. खरं सांगते, रडू येण्याआधी मला त्या मुलीचा राग आला. तिला माझ्याआधी कळलंच कसं?

ती तुळस मोबाइलमधली. अंबरनाथच्या कारखान्यातून कुसुम निवृत्त झाली, तेव्हा भाचीने तिला एका खेळातलं गाव उघडून दिलं. तिथे माणसं घरं बांधतात, झाडं लावतात, ओसरीवर गप्पा मारतात. तीस वर्षं आमचा चारचा चहा एकत्र. पुढे मात्र "थांब गं, रेवाकडे डोकावून येते," म्हणून ती मोबाइलमध्ये शिरायची आणि मी शेजारी बसून गार चहा प्यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटचं भांडण हळदीकुंकवावरून झालं. तिने मला उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात नेऊन जांभळी साडी घेतली. कशाला, तर मोबाइलमधल्या हळदीकुंकवाला नेसायला!

"तिथे कोण बघणार आहे तुझी साडी?"

"मी बघेन ना. आणि तिथे मला कुंकू लावतात गं."

"खोटं कुंकू!" मी फटकन बोलले. तिने कप खाली ठेवला आणि निघून गेली. तिचे यजमान गेल्यापासून आमच्या इमारतीत तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे. मीही नाही. दर वर्षी माझ्याकडे बायका जमायच्या, तेव्हा समोरचं दार बंद असायचं. ते मला त्या चार दिवसांच्या अबोल्यातही आठवलं नाही. पाचव्या दिवशी रेवाचा फोन आला.

तेराव्यानंतर तिने पुन्हा फोन केला. मी खोचकपणे विचारलं, "माझा नंबर तुला कुणी दिला?"

"ताईंनीच, भांडणानंतर. म्हणाल्या, मला काही झालं तर हिला कळव. रुसलेली असली तरी धावत येईल."

मी उठून दार उघडलं; समोरचं बंद होतं.

"काकू, तुळशीला मी पाणी घालत जाऊ का?"

"नको," मी म्हटलं. "माझं मी बघेन."

कुसुमचा मोबाइल भाचीने मला दिलाय. रेवा रोज सकाळी सहाला कुसुमच्या अंगणात येते. मी पावणेसहालाच पाणी घालून ठेवते.