फुगेवाल्या मावशीची सून

वस्तीतली पोरं तिला फुगेवाली मावशी म्हणायची. रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा ती दाबायला लागली, की भोवती हीऽऽ गर्दी. इथल्या बायका बाळंतपणात का दगावतात, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला घरोघरी जाऊन गरोदर बायकांना तपासायच्या कामावर घेतलं होतं. सुरुवातीला बायका दार लावून घ्यायच्या. मावशीनं कुणाची थट्टा करत, कुणाला दटावत ती दारं उघडवली. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, पाय सुजलेत का, हे तिचे प्रश्न आता गल्लीतल्या सासवांनाही पाठ होते.

तिची स्वतःची सून आठव्या महिन्यात होती. पण अभ्यासाचा नियम असा, की घरचं माणूस आपण तपासायचं नाही. मायेपोटी आकडा चुकतो म्हणे. म्हणून सुनेला तपासायला यायची याच कामावरची दुसरी, तिच्याच हाताखाली तयार झालेली पोर; तिला सगळे धाकटी म्हणत. यायची, चहा घ्यायची आणि हसून म्हणायची, "मावशींच्या घरी मी काय दिवे लावणार?" यंत्र पिशवीतच राहायचं. तिला वाटायचं, मावशी बघतच असतील. मावशीला वाटायचं, धाकटी बघतेय. आणि सुनेला वाटायचं, काही बिनसलं असतं तर या दोघींच्या नजरेतून सुटलं असतं होय?

एका दुपारी मुलाचा फोन आला. सून मोरीत पडली होती, अंगाला झटके येत होते.

दवाखान्यात नर्सनं घाईघाईत विचारलं, "डोकं कधीपासून दुखत होतं? अंधारी येत होती? पाय सुजले होते?"

सगळ्या वस्तीचे पाय मावशीला ठाऊक होते. तिनं मुलाकडे बघितलं.

"परवापासून दुखत होतं," मुलगा म्हणाला. "आईला सांग म्हटलं, तर म्हणाली, त्या दिवसभर हेच ऐकून दमून येतात. आणि धाकटी आत्ताच येऊन गेली की."

संध्याकाळी सून गेली. बाळ रडलंच नाही.

धाकटी उंबऱ्यातच मटकन बसली. "मावशी, मारा मला." मावशीनं तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? चहा नको, आधी हात, एवढं साधं तिनं पोरीला शिकवलं नव्हतं.

काही आठवड्यांनी मावशी पुन्हा बाहेर पडली. धाकटीच्या वहिनीला सातवा महिना होता, आणि नियमाप्रमाणे ते घर मावशीकडे होतं. तिला दारात बघून वहिनी गडबडली.

"अगं बाई, तुम्ही कशाला आलात! एवढं आभाळ कोसळलंय तुमच्यावर. बसा, चहा टाकते. मी ठणठणीत आहे."

"चहा नको. हात पुढे कर."

मावशीनं दंडाला पट्टा बांधला, नळी कानाला लावली, फुगा दाबला. रडलं तर ठोके ऐकू येत नाहीत, म्हणून तिनं श्वास रोखून धरला.