गुढियारीचा काळा फोम

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे रायपूरला राहतात. त्यांच्या किडन्यांनी साथ सोडली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि चौबे कॉलनी ते रिंग रोडवरचं हॉस्पिटल हाच आम्हा दोघांचा रस्ता होऊन बसला. ऑफिसने मला घरून काम करायची सवलत दिली होती. घरून म्हणजे हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून.

गाडी लहान आणि जुनी. रिंग रोडवर सळया भरलेला ट्रक शेजारून गेला की दरवाजे थरथरायचे. बाबांनी नोकरीभर कारखान्यात लोखंडावर पडणारे घण ऐकले, त्यात कान गेले. कानाला मशीन आहे, पण ते माझा आवाज आणि ट्रकचा आवाज सारखाच वाढवतं. म्हणून गाडीत बसले की बाबा मशीन काढून खिशात टाकायचे.

"काहून काढता बाबा?"

"अवो, कानात गिट्टी फोडून राहिले असं वाटते."

मग मी ओरडायचे. "पाणी किती प्यायलात?" ओरडून विचारलं की साधा प्रश्नही झापल्यासारखा वाटतो. बाबा खिडकीबाहेर पाहायचे. पुढे पुढे मीही विचारणं सोडून दिलं. जाताना ते दमलेले, येताना आम्ही दोघंही.

गाडीत आवाज कमी करणारी शीट लावून मिळते, असं कळलं, म्हणून कार अॅक्सेसरीजच्या दुकानात गेले. तिथला भाव ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्याची तर ही गाडी पण नाही." ते खरंच होतं. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही गुढियारीच्या बाजारात फोमच्या दुकानात गेलो. छतापर्यंत गुंडाळ्या रचलेल्या. दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सब बढ़िया है दीदी, जो पसंद आए।"

बाबांनी सोफ्याचा पिवळा फोम अंगठ्याने दाबून पाहिला. "हाच घे. जाड हाय, सस्ता हाय. आवाज यातच मरते."

मलाही पटलं. दरवाजांचे आतले पॅनेल उघडून घेतले, फोम चिकटवला, आणि खरंच थोडा फरक पडला. पण खिडकीच्या काचेवरून पाणी दरवाजाच्या आत उतरतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पावसाच्या दोन सरींनंतर गाडीला ओल्या गादीचा वास येऊ लागला. त्या वासाने डायलिसिसनंतर बाबांना मळमळायचं. सगळं पुन्हा उघडून मी तो फोम ओरबाडून काढला. पिळला तर पाणी निघालं. तिथेच पार्किंगमध्ये फरशीवर बसून मला रडू आलं. फोमसाठी नसावं ते.

दुसऱ्या वेळी मी त्याच दुकानातून वेगवेगळ्या फोमचे तुकडे मागून आणले आणि बादलीत बुडवून ठेवले. पॅकिंगचा पांढरा फोम कोरडा राहिला, पण जरा दाबला की करकर वाजायचा. एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा, रबरासारखा फोमही कोरडाच निघाला, आणि वाजला नाही. अॅक्सेसरीजवाल्याच्या शीटपेक्षा तो कितीतरी स्वस्त होता. रविवारी बाबा स्टूल टाकून बसले. डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात मांडीवर जपून ठेवला आणि मी कापलेल्या पट्ट्या दुसऱ्या हाताने मला एकेक देत राहिले. दरवाजे झाले, मग मॅट उचलून गाडीच्या तळालाही चिकटवला.

गाडी काही एकदम शांत झाली नाही. पण ट्रक आता अंगावरून नाही, बाहेरून गेल्यासारखा वाटायचा. बाबांनी मशीन कानातच राहू दिलं. पहिले काही दिवस आम्ही भाजीचं, शेजाऱ्यांचं बोललो. मग एकदा हॉस्पिटलकडे जाताना ते हळूच म्हणाले, "मले आता नाही जा वाटत."

मी गाडी बाजूला घेतली. "आज, की कधीच?"

"थकलो वो मी."

माझ्या तोंडातून निघालं, "मी पण थकले, बाबा."

"दिसते मले. म्हणून तर म्हणून राहिलो."

"म्हणजे तुमच्यासाठी म्हणता, की माझ्यासाठी?"

"दोघायसाठी," ते म्हणाले. हे कधी ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. किती दिवस मनात धरून बसले होते, कोण जाणे.

मी रागावले नाही, समजूतही घातली नाही. एवढंच म्हटलं, आज जाऊ, आणि हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. सुई टोचताना काय होतं, नंतर पायात गोळे येतात का, रात्रभर अंग खाजतं का, असं एकेक विचारत गेले. यातलं बाबांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. औषधं बदलली, डायलिसिसच्या मशीनवरची सेटिंग बदलली. "थांबवायचं की नाही हे तुम्हीच ठरवा," डॉक्टर बाबांना म्हणाले, "पण आधी हा त्रास कमी करून बघू." बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. "मग पाहू."

त्याच आठवड्यात मी पुण्याला भावाला फोन केला आणि पहिल्यांदाच सगळं ठीक आहे असं म्हटलं नाही. तो महिनाभराची रजा काढून आला. पहिल्या दिवशी बाबांना घेऊन तो खाली उतरला, गाडी फाटकाबाहेर गेली, आणि मी दार लावून पलंगावर आडवी झाले. निघण्याच्या गडबडीत भावाने गॅस बंद केला होता, पण चहा तसाच शेगडीवर होता. तो उतू गेलेला मला दुपारी जाग आल्यावर दिसला.