जत्रेचा नारळ

जत्रेच्या आदल्या दिवशी गावातला एक आगरी म्हातारा डोक्यावर टोपली घेऊन घरोघर देवीसाठी नारळ मागायचा. माझं दुकान मात्र ओलांडून जायचा. साताऱ्याहून नेरूळला येऊन मला सात वर्षं झाली होती. घासाघीस केल्याशिवाय मी खिळाही घेत नाही, आणि इथे फुकटचा नारळ कोणी घेईना!

शेवटी मी त्याला अडवलं. "बाबा, आम्ही काय परके?"

"नारल गावच्या घरवाल्याचा घेतो. ही जागा माज्या शेताची हाय, सरकारनं नेलेली."

"सरकारकडून रोख मोजून घेतलीय!" मी ओरडलो.

"मंग नारल सरकारला दे," म्हणत तो टोपली सावरून पुढे गेला.

माझा तो राग अजून जात नाही. दुकानाचा पाया खणताना त्याच्या भाताचा बांध मीच फोडला होता.