सराईतलं कुटार

अंजनगाव सुर्जी सोडलं की रस्त्याला लागूनच भगवंतरावांचं शेत आहे आणि शेताच्या तोंडाशी त्यांचा काळ्या दगडाचा गोठा. गाव त्याला अजून सराईच म्हणतं. एकेकाळी कापसाच्या गाड्या घेऊन निघालेले व्यापारी तिथे मुक्काम करायचे. भगवंतरावांच्या आजोबांनी ती जागा घेतली, कमानींमध्ये म्हशी बांधल्या आणि मागच्या लांब खोलीत कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरायला सुरुवात केली.

नांदगाव खंडेश्वरहून भगवंतरावांशी लग्न होऊन आल्यापासून हा गोठा सुभद्राबाईंच्या गळ्यात आहे. त्यांना त्याचं कौतुक कधीच नव्हतं. दगडांतून विंचू निघायचे. पाहुणे कमानीखाली फोटो काढायचे आणि शेण मात्र यांनी उचलायचं. त्यामुळे गोठा पाडायला त्याच आड येतील, असं कोणाला वाटलं नव्हतं.

त्या श्रावणात कुटाराची खोली उघडली तर आंबूस वास आला. तुरीचं कुटार काळं पडून त्याचे गोळे झाले होते. एक म्हैस ते खाऊन फुगली. वाचली, पण दूध आटलं.

"पाडून टाकू," मुलगा नितेश म्हणाला. "दगड पाणी धरून राहिला. दसऱ्यानंतर जेसीबी सांगतो. पत्र्याचा शेड बांधू."

"मे महिन्यात पत्र्याखाली म्हशीजवळ कोण बसन? तू?"

"कूलर लावू."

"म्हशीले कूलर! अन दूध काढताना मले काय, एसी?"

"एसीवाली सासू गावात कोणाले नाई, आई," सून दामिनी हसू दाबत म्हणाली.

सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. भिंतीच्या वरच्या अंगाला झरोक्यांची रांग होती, ती विटा-सिमेंटने बुजवलेली. नितेश तान्हा असताना तापाने फणफणला होता आणि त्याच दिवसांत एका झरोक्यात घुबड येऊन बसायचं. भगवंतरावांनी एकूण एक झरोका बंद केला. ताप डॉक्टरच्या औषधाने उतरला, झरोके मात्र तसेच राहिले. तेव्हापासून दर पावसाळ्यात कोपऱ्यातलं थोडं कुटार सडायचं आणि ते उकिरड्यावर जायचं. त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं. गेल्या वर्षी नितेशने फटींचं लाकडी दार काढून घट्ट पत्र्याचं बसवलं आणि उरलीसुरली हवाही कोंडली.

"झरोके उघडायचे," त्यांनी घरी येऊन सांगितलं.

भगवंतराव ताटावरून उठले. "हात लावायचा नाई त्याले. घुबड येईन."

"येऊ द्या. उंदरं खाईन."

"पोराच्या जिवावर बेतलं होतं!"

"पोरगं आता नव्वद किलोचं आहे. घुबडच भिईन त्याले."

मग त्या नितेशकडे वळल्या. "एक वर्ष दे. यंदाचं कुटार याच खोलीत भरू. पुढच्या श्रावणात तुझ्यासमोर उघडू. सडलं असन, तर जेसीबीवाल्याले मीच चहा पाजीन."

गावातला गवंडी भगवंतरावांच्या शब्दाबाहेर नव्हता. तो आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. मग सुभद्राबाईच छिन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढल्या. खाली दामिनी शिडी धरून उभी राहायची आणि डोक्यात पडणाऱ्या चुऱ्याला शिव्या द्यायची. सिमेंट निबर होतं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. दिवाळीच्या फराळाला हात लागेपर्यंत सगळे झरोके मोकळे झाले. पत्र्याचं दार काढून जुनं लावलं. थंडीत घुबड खरंच आलं. भगवंतराव गोठ्यात जाताना मान खाली घालून जाऊ लागले.

तुरीची मळणी झाल्यावर नितेशला कुटार लगेच भरून मोकळं व्हायचं होतं. सुभद्राबाईंनी ते उन्हात पसरून, उलथून, खडखडीत वाळेपर्यंत त्याला आत नेऊ दिलं नाही.

श्रावणात खोली उघडली तेव्हा घरचे चौघेही हजर होते. वरचं कुटार कोरडं होतं, हातात घेतलं की सळसळत होतं. मधलंही तसंच. नितेशने खांद्यापर्यंत हात खुपसून अगदी तळातलं मूठभर ओढून काढलं. ते काळं होतं.

"खालचं सडलं, आई."

"हाव. सडलं."

"मंग? तूच बोलली होती."

सुभद्राबाईंनी वाकून जमिनीला हात लावला. खालून ओल चढते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"खाली फळ्या होत्या," दाराशी उभे असलेले भगवंतराव म्हणाले. "आजाच्या वेळच्या, सागाच्या. कुटार त्याच्यावर राहे."

"कुठी गेल्या?"

भगवंतरावांनी कान खाजवला. "आपल्या लग्नात पलंग केला ना त्याचा."

नितेश फस्सकन हसला.

"अन शेड?" त्याने विचारलं.

"बांध ना. ट्रॅक्टरले बांध. त्याले कुठी ऊन लागते?" सुभद्राबाई म्हणाल्या. "दामिनी, पाना आण."

आणि तरातरा घरात जाऊन त्या पलंगावरची गादी ओढू लागल्या.