सेल माझ्या खिशात होते

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. 'बघा, शेवटी वळलाच!' अशी कॉमेंट टाकायची ज्यांना घाई आहे, त्यांनी बोटं आवरावीत.

मी खांडबाऱ्याचा. हौशी रेडिओचं लायसन्स आहे आणि रीतसर परवानगी काढून आकाशात फुगे सोडायचा नाद आहे. फुग्याखाली पॅराशूट, त्याखाली थर्माकोलचा डबा, डब्यात कॅमेरा आणि ट्रॅकर. ट्रॅकर दर मिनिटाला आपला ठावठिकाणा रेडिओवर कळवतो. फुगा पंचवीस-तीस किलोमीटर वर जाऊन फुटतो, डबा कुठंतरी उतरतो, आणि मी मोटरसायकलवर त्याच्यामागे. एकदा लेन्सवरची टोपी न काढता दोन तास अंतराळ शूट केलंय मी. एकदा पॅराशूट घरीच राहिलं... तो डबा एका विहिरीत निघाला.

तर डिसेंबरातली सकाळ. कॅमेरा माझ्या शालकाचा, भूषणचा. तो लग्नांचं शूटिंग करतो. विचारूनच घेतला होता — म्हणजे त्याच्या बहिणीला, माझ्या बायकोला विचारलं होतं. कार्डात जागा आहे एवढं बघितलं. आत काय आहे ते बघितलं नाही. फुगा ठिपक्याएवढा झाला आणि फोन वाजला.

"दाजी, छोटा कॅमेरा कोठे शे?"

"वर शे."

"वर म्हंजे? माळावर?"

"त्यानाबी वर."

पलीकडून बारीक आवाजात, "दाजी... त्यामा दगाआबा शेतस."

दगाआबा म्हणजे नंदुरबारचे एक खडूस म्हातारे. त्यांना जन्मात कुणी हसताना पाहिलं नव्हतं. नातीच्या हळदीला मात्र काठी फेकून नाचले, आणि पुढच्या पंधरवड्यात गेले. ते नाचणं फक्त या कार्डात होतं. त्यांची बायको, आजी, तेव्हा आत पाहुण्यांच्या स्वयंपाकात, तिनं ते पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उत्तरकार्य होतं, आणि ते नाचणं बघायचंय म्हणून आजीचे भूषणला दोन निरोप येऊन गेले होते.

"कॉपी करेल नहीं का?"

"सीझन शे दाजी! आज करनार व्हतू!"

मी रेडिओला चिकटलो. ठिकाणं येत होती. माझ्याच कॉलसाईननं, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेल्या रेडिओवरच्या नावानं, दर मिनिटाला, एकही न चुकता. माझ्या आयुष्यात इतकं सुरळीत कधी काही चाललेलं नाही. तिथंच शंका यायला हवी होती. डबा नंदुरबारवरून सरकला, फुगा फुटला, आणि शेवटचं ठिकाण आलं सारंगखेड्याजवळच्या केळीच्या बागेतलं. मोटरसायकल काढली, वाटेत भूषणला मागे घेतलं.

बागेचे मालक काका हसले. "आठे हरायेल म्हैस दोन दिन सापडत नहीं, तुमना डबा काय सापडी?"

रेडिओ हातात धरून सरळ आत गेलो. डबा दोन केळींच्या मध्ये लोंबत होता, झाकणावरची टेप जशीच्या तशी. भूषणनं कार्ड काढून मोबाइलला लावलं. आबा नाचत होते. भूषणनं तिथंच त्याची कॉपी मोबाइलमध्ये घेतली.

मी ट्रॅकर बंद करायला उघडला. सेलची जागा रिकामी.

सकाळी लॅपटॉपच्या वायरवर तो तपासला होता. वायर काढली, सेल घालणार तेवढ्यात चहा आला... खिशात हात घातला. दोन्ही सेल तिथंच, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं.

आता तज्ज्ञ मंडळींनो, सांगा. सेल वाटेत पडले? डबा बंद होता. दुसऱ्याचा सिग्नल? मग डबा नेमका तिथंच कसा? इलेक्ट्रॉनिक्सवाल्या तिघांना विचारलं. दोघांनी विषय बदलला; तिसऱ्यानं विचारलं, "किती घेतली होती?"

आजीनं दुसऱ्या दिवशी ते तीनदा पाहिलं. "साठ वरीस संगे ऱ्हायनू, माले कधी नाची दखाडं नहीं म्हाताराने."

सगळे म्हणतात, आबांनीच डबा आणला. मी म्हणतो, आबांकडे लायसन्स नव्हतं. माझ्या कॉलसाईनवर बोलले असतील तर ते बेकायदा आहे!

सगळ्यांची जिरवायचीच म्हणून जानेवारीत पुन्हा फुगा सोडला. तोच ट्रॅकर, मुद्दाम बिनसेलचा. स्वतःचा जुना कॅमेरा, कोरं कार्ड. दुपारपर्यंत रेडिओसमोर बसलो. एक अक्षर आलं नाही. डबा अजून सापडलेला नाही. पण मी छाती काढून घरात शिरलो. "बघ! काही नाही आलं. तसलं काही नसतं!"

बायको मिरच्यांचे देठ काढत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या येळले डबामा कोन व्हतं, घर येवाले?"

तरी मानत नाही म्हणजे नाही. ते दोन सेल मात्र अजून कशात घातलेले नाहीत... उगाच.